बेचकं

डॉक्टर मृणाल बोरसेंनी केसपेपर उलटा केला
आणि बॉलपेननं एक बेचकं काढलं.
पोरं गलोलीसाठी तोडतात, तसलं.
"ही फुनकीची पिशवी.
कुत्रीला असे दोन फाटे असतात,
आणि दोन्ही टोकांना ही अंडाशयं,
वालाच्या दाण्याएवढी."
टेबलाखाली फुनकी गार फरशी चाटत होती.
सापडली तेव्हा वाफेवरून उतरवलेल्या
फुनक्यासारखी गोल होती, म्हणून फुनकी.
अमळनेरात मे महिना. पंखा नावाला फिरत होता.

नेहमीची पद्धत म्हणजे सगळंच काढायचं.
पण दुसऱ्या वाटाही आहेत, त्या म्हणाल्या, सांगून ठेवते.
नुसती अंडाशयं काढता येतात, दुर्बिणीतून, दोन टाके,
पण त्याला नाशिक गाठावं लागेल.
नळ्या बांधता येतात, मग रक्त जातच राहील,
आणि उतारवयात पिशवीत पू धरायची भीती.
इंजेक्शनं मिळतात, ती मी देत नाही.
किंवा पिशवी मुळापासून काढायची
आणि एक दाणा आत राहू द्यायचा.
पिल्लं होणार नाहीत, माज मात्र येईल,
दारात कुत्रे जमतील.
थानांवरून हात फिरवून गाठ बघत राहायची.
पण अंगाला जे लागतं
ते अंगातलं अंगात राहील.

"काय ठेवायचं, काय काढायचं,
घरी जाऊन विचार करा. घाई नाही."

घाई नाही.

मी एकतीस वर्षांची होते.
अंगावरून पांढरं जायचं, म्हणून धुळ्याला नेलं.
सकाळी सोनोग्राफी, दुपारी सलाईन.
पिशवी खराब आहे म्हणाले, पुढं कॅन्सर होतो.
सही ह्यांनी केली. पैसे जेठांनी भरले.
जे निघालं ते स्टीलच्या ट्रेमध्ये घालून
बाहेर आणून दाखवलं म्हणे.
ह्यांनी पाहिलं, जेठांनी पाहिलं,
चहा घेऊन आलेल्या पोरानंही पाहिलं असेल.
ह्यांना मी कितीदा तरी विचारलं, कसं होतं?
"कसं ऱ्हाई? मटनना मायक."

पुढच्याच पौषात अंगातून वाफा निघायला लागल्या.
बिबड्यांचा घाटा हाटताना
चूल पेटलीय की मी, कळायचं नाही.
चाळिशीत मनगट मोडलं,
नुसती उंबऱ्याला टेकले होते.
सासू म्हणायची, "सुटनी माय तू, दर महिनानी कटकट गयी."
प्रेमानंच म्हणायची.

बेचक्यावर बोट ठेवून मी विचारलं,
"बाईमानूसमा बी आसं ऱ्हास का? दाना ठेवानं?"
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
"असतं."
"तवय बी व्हतं?"
बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.
"होतं," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं,
"होतं, मावशी."

रिक्षा केली नाही. बोरीच्या पुलावरून चालत आलो दोघी,
खाली नदीत नुसते दगड.
ओट्यावर बसून कागद तिच्यापुढं धरला.
तिनं हुंगला, कोपरा चावला,
मग उताणी पडून पोट वर केलं.
ते तिचं नेहमीचंच आहे,
त्याला होकार म्हणू नये.

शेवटी मीच ठरवलं.
घरचं माणूस म्हणून सही करणारी
ह्या खेपेला मी होते, हे मला कळत होतं,
हात त्यामुळंच जरा कापला.
भादव्यात येतील मेले गल्लीबोळातले,
येऊ देत, काठी आहे, आणि रात्री जागायची सवय जुनी.

फॉर्मवर त्यांच्याकडून लिहून घेतलं:
डावा दाणा ठेवावा.
तोंडी एवढंच सांगितलं,
जे काढाल ते ट्रेमध्ये घालून आणा,
मला बघायचंय.
मी इथं बाकड्यावरच आहे,
शुद्धीवर.